अ‍ॅलिस चॉसरचं चर्च : प्रस्तावना

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चविषयी लिहिणारे बहुतेक जण सुरुवात शैलीपासून करतात. कमान अर्धगोल असेल तर नॉर्मन, टोकदार आणि साधी असेल तर तेरावं शतक, खिडकीतली दगडी जाळी नागमोडी वळणं घेत असेल तर चौदावं आणि उभ्या रेषा थेट कमानीला भिडत असतील तर पर्पेंडिक्युलर. हे वर्गीकरण उपयोगाचं आहे आणि ज्याला चार-सहा चर्च पाहायची आहेत त्यानं ते जरूर शिकावं. पण ऑक्सफर्डशरमधल्या यूएल्म या लहान गावात, सेंट मेरी चर्चपाशी, ते फार लवकर संपतं. मनोरा आधीच्या चर्चचा आहे. बाकीची इमारत १४३० च्या दशकात नव्यानं बांधली गेली आणि ती एकाच शैलीची आहे. ते सांगून झालं, की खरा प्रश्न उरतो : एवढ्याशा गावात, जिथं आधीपासून चर्च होतंच, तिथं दरबारातल्या एका बड्या कुटुंबानं ते जवळजवळ सगळं पाडून नवं का बांधलं?

या पुस्तकाचं उत्तर थोडक्यात असं : मेलेल्यांसाठी जिवंतांनी रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी प्रार्थना करावी म्हणून. यूएल्मच्या चर्चमधलं जवळजवळ काहीही या हेतूशिवाय समजत नाही. छत, कमानी, कबरी, शेजारचं आश्रयगृह, त्याच्या खालची शाळा या गोष्टी मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये वेगवेगळ्या परिच्छेदांत येतात. त्या एकाच व्यवस्थेचे भाग होते, आणि ती व्यवस्था एका बाईनं शेवटपर्यंत जातीनं सांभाळली. तिचं नाव अ‍ॅलिस चॉसर.

आधी पॅरिश म्हणजे काय, हे सांगायला हवं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या पॅरिशचा असे. तिथंच त्याचा बाप्तिस्मा होई, तिथंच लग्न, तिथंच दफन. पिकाचा दहावा हिस्सा त्याच चर्चला जाई. इमारतीचे दोन मुख्य भाग असत : लोक उभे राहत ते नेव्ह, आणि पूर्वेकडचा, वेदी असलेला चान्सेल. तेराव्या शतकापर्यंत अशी रीत पक्की झाली होती, की चान्सेलची डागडुजी रेक्टरनं, म्हणजे पॅरिशच्या धर्मगुरूनं, करायची आणि नेव्हची गावानं. त्यामुळं पुष्कळ चर्चमध्ये दोन्ही भागांचं बांधकाम वेगळ्या काळातलं आणि वेगळ्या ऐपतीचं दिसतं, आणि मधली चान्सेलची कमान म्हणजे या दोन जबाबदाऱ्यांमधली हद्द असते. यूएल्ममध्ये ही कमानच नाही. नेव्हपासून वेदीपर्यंत छत सलग जातं. खर्च करणारा हात एकच होता, हे त्या एका गोष्टीवरूनसुद्धा ओळखता येतं.

तो हात कुणाचा? जेफ्री चॉसर या कवीचा मुलगा टॉमस चॉसर याला यूएल्मची जहागीर बायकोकडून, मॉड बर्घर्शकडून, मिळाली. टॉमसला आज बापाच्या नावामुळं ओळखतात, पण त्याच्या काळात तो स्वतः बडा माणूस होता. हाउस ऑफ कॉमन्सचा तो पाच वेळा स्पीकर झाला. त्याची मावशी कॅथरीन स्विनफर्ड ही जॉन ऑफ गाँटची आधी प्रेयसी आणि पुढं पत्नी, म्हणजे राजघराण्याशी नातं मावशीच्या बाजूनं. टॉमस आणि मॉड यांना एकच मूल झालं, अ‍ॅलिस. तिचा पहिला नवरा सर जॉन फेलिप १४१५ मध्ये वारला. दुसरा, सॉल्झबरीचा अर्ल, १४२८ मध्ये ऑर्लिऑंच्या वेढ्यात तोफेच्या माऱ्यानं गेला. तिसरा विल्यम द ला पोल, सफकचा अर्ल आणि पुढं ड्यूक. त्या दोघांनी मिळून यूएल्म घडवलं.

विल्यमचं घराणं सफक परगण्यातलं, आणि इमारतीकडं पाहताच ते जाणवतं. पूर्वेच्या भिंतीवर गारगोटी आणि घडीव दगड यांचे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून बसवले आहेत. गारगोटी इथं परकी नाही. चिल्टर्न टेकड्यांच्या खडूत तिचे गोटे जागोजाग सापडतात आणि आसपासच्या भिंतींत ते वापरलेलेही आहेत. पण गोटे फोडून, त्यांची काळी चकचकीत बाजू बाहेर काढून दगडाच्या चौकटीत सपाट बसवणं हे पूर्व किनाऱ्याकडच्या गवंड्यांचं खास काम. द ला पोल घराण्याचं चर्च सफकमधल्या विंगफील्डचं, आणि यूएल्मची रचना त्याच्याशी फार जुळते. जहागीरदार बायकोच्या गावी राहायला आला तेव्हा स्वतःकडची बांधणीची रीत घेऊन आला. वरच्या चर्या विटांच्या आहेत. त्या काळात या भागात वीट नवलाईची होती. समुद्रापलीकडं फ्लँडर्समध्ये ती रुळलेली होती, आणि फ्रान्समधल्या लढायांत वर्षानुवर्षं घालवलेल्या विल्यमला तिचं अप्रूप नसावं.

१४३७ मध्ये राजाच्या परवानगीनं त्यांनी चर्चच्या लगतच आश्रयगृह स्थापन केलं. दोन धर्मगुरू आणि तेरा गरीब माणसं. तेरा हा आकडा ख्रिस्त आणि त्याचे बारा शिष्य यांचा. खर्चासाठी तीन जहागिरींचं उत्पन्न लावून दिलं : बकिंगहॅमशरमधलं मार्श गिबन, विल्टशरमधलं कॉनॉक आणि हँपशरमधलं रॅमरिज. ही घरं एका चौकाभोवती आहेत. मध्ये विहीर, चारी बाजूंनी पडवी, आणि लाकडी चौकटींमध्ये विटा भरलेल्या भिंती. चर्चच्या पश्चिम दारातून पायऱ्या उतरल्या की माणूस थेट या चौकात येतो. त्याच्या खाली शाळा. चर्च, आश्रयगृह आणि शाळा अशा तिन्ही इमारती उतारावर एकाखाली एक आहेत आणि वाट एकच. थंडीपावसात म्हाताऱ्या माणसाला दिवसातून अनेकदा चर्चमध्ये जायचं असेल तर वाट अशीच हवी.

आणि जायचं होतं दिवसातून अनेकदाच. आश्रयगृहाचे नियम शाबूत आहेत आणि या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण त्यांच्यावर आहे, कारण मध्ययुगीन वास्तूचा वापर कसा होत असे हे इतक्या नेमकेपणानं सांगणारा दस्तऐवज सहसा हाती लागत नाही. कुणी कधी उठायचं, कुठल्या प्रार्थना म्हणायच्या, चौक आणि वाटा कशा स्वच्छ ठेवायच्या, हे सगळं त्यात आहे. त्यातला एक नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : उपासना संपली की या माणसांनी संस्थापकांच्या आई-वडिलांच्या, म्हणजे टॉमस आणि मॉड चॉसर यांच्या कबरीभोवती जमून त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. त्या लोकांची श्रद्धा अशी होती, की संत थेट स्वर्गात जातात आणि घोर पापी नरकात, पण सामान्य माणसाचा आत्मा शुद्धिस्थानात जातो. तिथल्या यातना किती काळ चालतील हे मागं राहिलेल्यांच्या प्रार्थनांवर अवलंबून. गरिबाची प्रार्थना देवाला विशेष प्रिय. म्हणून ऐपत असलेला माणूस गरिबांना घर, अन्न आणि कपडे देई आणि त्या बदल्यात स्वतःचं नाव त्यांच्या ओठांवर राहील अशी सोय करी. आज याला कुणी सौदा म्हणेल. मला तसं म्हणवत नाही. तेरा म्हाताऱ्यांना मरेपर्यंत छप्पर मिळालं, आणि ते देणाऱ्यांना मनापासून वाटत होतं की यातून आपल्या आई-वडिलांचे हाल कमी होतील.

चर्चची दक्षिण बाजू या माणसांसाठी होती. तिथं सेंट जॉन बाप्तिस्त याचं चॅपेल आहे. भिंतींवर येशूच्या नावाची अक्षरं पुन्हा पुन्हा रंगवलेली आहेत. आज दिसतो तो रंग एकोणिसाव्या शतकात नव्यानं दिलेला. वर लाकडी छतात पंख पसरलेले देवदूत कोरले आहेत. टॉमस आणि मॉडची कबर याच भागात आहे : पर्बेक संगमरवराची पेटी, वर पितळेत कोरलेली दोघांची आकृती. टॉमस चिलखतात, त्याच्या पायाशी युनिकॉर्न, तिच्या पायाशी सिंह. पेटीच्या बाजूंवर नातेवाइकांच्या ढाली. त्या ढाली नीट वाचल्या तर हे घराणं स्वतःला कोण समजत होतं ते उलगडतं. टॉमसनं बापाचं नव्हे, तर आई फिलिपाच्या माहेरचं, रोएट घराण्याचं चाकांचं चिन्ह मिरवलं आहे. आज जगाला ठाऊक आहे तो कवी. त्याच्या मुलाला मोलाची वाटत होती ती आईकडची सोयरीक.

चॅपेल आणि चान्सेल यांच्यामधल्या कमानीत अ‍ॅलिसची कबर आहे. या पुस्तकाची सुमारे एक तृतीयांश पानं तिच्यासाठी आहेत. ती वारली १४७५ मध्ये. तोवर तिनं पुष्कळ काही पाहिलं होतं. नॉर्मंडी हातची गेली त्याचं खापर विल्यमवर फुटलं. राजानं त्याला वाचवण्यासाठी पाच वर्षांसाठी हद्दपार केलं, पण १४५० च्या मे महिन्यात वाटेतच समुद्रात त्याचं जहाज अडवून त्याचा शिरच्छेद झाला आणि धड डोव्हरच्या किनाऱ्यावर टाकण्यात आलं. अ‍ॅलिसवरही आरोप ठेवले गेले. त्यातून ती निर्दोष सुटली आणि पुढं पंचवीस वर्षं जगली. तिच्या मुलाचं लग्न यॉर्क घराण्यातल्या एलिझाबेथशी, म्हणजे पुढं राजे झालेल्या चौथ्या एडवर्डच्या आणि तिसऱ्या रिचर्डच्या बहिणीशी झालं. राजगादीसाठी यॉर्कशी चाललेल्या झगड्यात विल्यमची, म्हणजे लँकेस्टर घराण्याची, बाजू बुडाली तरी यूएल्म बुडालं नाही, आणि याचं श्रेय तिच्या हुशारीला द्यावं लागतं.

कबर अलाबास्टरची आहे. हा जिप्समचा दाट प्रकार आहे. खाणीतून काढल्यावर तो मऊ असतो आणि त्यावर नखाएवढी नक्षीसुद्धा कोरता येते. इंग्लंडमध्ये तो मुख्यतः डर्बीशर आणि आसपासच्या भागातून येई. कबरीवर अ‍ॅलिसची पूर्णाकृती शयनमूर्ती आहे : विधवेचा वेश, डोक्यावर डचेसचा मुकुट, हात जोडलेले, उशाला देवदूत, पायाशी सिंह. चेहरा आदर्श तरुणीचा नाही. वयस्कर, शांत आणि कणखर आहे. डाव्या हातावर, मनगटाच्या वरच्या बाजूला, ऑर्डर ऑफ द गार्टरचा पट्टा. हा मान तिला १४३२ मध्ये मिळाला होता. गार्टर धारण केलेल्या स्त्रीच्या मूर्ती इंग्लंडमध्ये मोजक्याच आहेत. असं सांगतात, की व्हिक्टोरिया राणीला बाईनं गार्टर नेमकं कुठं बांधायचं हा प्रश्न पडला तेव्हा ही मूर्ती पाहून यायला माणूस पाठवला होता. गोष्ट खरी असो वा नसो, चर्च पाहायला येणारे बहुतेक जण ती ऐकून, मनगट पाहून पुढं सरकतात. माझी विनंती आहे, की पुढं सरकू नका. खाली बसा.

मूर्तीखालच्या पेटीवर ढाली धरलेले देवदूत आहेत आणि त्याच्याही खाली, जमिनीलगत, दगडी जाळीची रांग. जाळीआड दुसरी मूर्ती आहे. तीही अ‍ॅलिसचीच. मुकुट नाही, पट्टा नाही. कफन बाजूला सरकलेलं, अंग वाळलेलं, बरगड्या वर आलेल्या, डोळे खोल गेलेले. शवाची अशी मूर्ती कबरीखाली कोरण्याची प्रथा इंग्लंडमध्ये १४२० च्या दशकात रुजली. कँटरबरीच्या आर्चबिशप हेन्री चिचेलीनं आपली तशी कबर जिवंतपणीच करवून घेतली होती. बहुतेक अशा कबरी धर्मगुरूंच्या. स्त्रीची अशी अलाबास्टरमधली पूर्णाकृती फारच दुर्मिळ. प्लेगमुळं लोकांच्या मनात मृत्यूची धास्ती बसली आणि त्यातून हे आलं, असं जे नेहमी सांगितलं जातं, ते मला पटत नाही. मोठी साथ १३४८ ची, या मूर्ती पाऊण शतकानंतरच्या. शिवाय इथं भीती नाही, इथं मागणं आहे. वरची मूर्ती सांगते : मी डचेस होते. खालची सांगते : आता मला तुमच्या प्रार्थनेची गरज आहे. आणि ती कुणाला सांगते, हे जागेवरून कळतं. रोज चॅपेलमध्ये येणारा म्हातारा उभा असला की वरची मूर्ती त्याच्या नजरेत येते, गुडघे टेकले की खालची. आश्रयगृहाचे नियम आणि कबरीची उंची एकमेकांना धरून आहेत, असं माझं ठाम मत आहे.

याहून सूक्ष्म गोष्ट आणखी आत आहे. शवमूर्ती ज्या पोकळीत आहे तिच्या छतावर, म्हणजे वरच्या मूर्तीच्या शिळेच्या खालच्या बाजूला, चित्रं रंगवली आहेत : मरियेला देवदूतानं दिलेला निरोप, मेरी मॅग्डलीन आणि सेंट जॉन बाप्तिस्त. उभ्या माणसाला ती दिसत नाहीत. गुडघे टेकलेल्यालाही नाहीत. जमिनीवर पाठ टेकून, डोकं जाळीला लावून वर पाहिलं तरच दिसतात. ती दिसावीत अशी सोय फक्त एकाच व्यक्तीसाठी केली आहे, आणि ती व्यक्ती दगडाची आहे. चित्रकाराला कुणीतरी हे काम सांगितलं, त्याला पैसे दिले, आणि प्रेक्षक कोण हेही सांगितलं. त्या काळच्या श्रद्धेबद्दल मी वाचलेल्या कुठल्याही प्रवचनानं मला जेवढं शिकवलं नाही तेवढं या हातभर रंगानं शिकवलं. आणि नजरेआड असल्यामुळंच तो रंग पुढच्या शतकांत वाचला असावा.

कारण पुढची शतकं अशा गोष्टींना अनुकूल नव्हती. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनं शुद्धिस्थानाची कल्पनाच रद्द केली. १५४७ च्या कायद्यानं मृतांच्या प्रार्थनांसाठी ठेवलेल्या देणग्या राजाच्या तिजोरीत गेल्या, भिंतींवरची चित्रं चुन्याखाली गेली. द ला पोल घराणंही संपलं : एडमंडचा १५१३ मध्ये शिरच्छेद झाला, धाकटा रिचर्ड १५२५ मध्ये पाविआच्या लढाईत पडला. ज्यासाठी हे सगळं उभारलं तो हेतू बेकायदा ठरला आणि ज्यांच्यासाठी उभारलं ते वंशासकट गेले. तरी आश्रयगृह राहिलं, कारण तिथं खरोखर गरीब माणसं राहत होती. शाळा राहिली, कारण तिथं मुलं शिकत होती. पहिल्या जेम्सनं चर्चचं रेक्टरपद ऑक्सफर्डच्या धर्मशास्त्राच्या रीजियस प्राध्यापकाला आणि आश्रयगृहाचं प्रमुखपद वैद्यकाच्या रीजियस प्राध्यापकाला जोडून दिलं. दुसरी जोडणी अजून आहे. मराठी डॉक्टरांना ठाऊक असलेले सर विल्यम ऑस्लर १९०५ पासून याच नात्यानं यूएल्मच्या आश्रयगृहाचे प्रमुख होते आणि इथले जुने कागद जपण्यात त्यांनी मनापासून लक्ष घातलं.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धाच्या वेळी दुसरं संकट आलं. १६४३ आणि १६४४ मध्ये विल्यम डाउझिंग या पार्लमेंटच्या बाजूच्या मूर्तिभंजकानं सफक आणि केंब्रिजशरमधली अडीचशेच्या आसपास चर्च पिंजून काढली, मूर्ती आणि काचा फोडल्या, आणि कुठं काय फोडलं याची रोजनिशी ठेवली. ज्या परगण्यातून यूएल्मची बांधणी आली त्याच परगण्यातलं कितीतरी काम असं गेलं. यूएल्ममध्येही रंगीत काचांचे तुकडेच उरलेत. पण आतल्या मूर्ती वाचल्या. पार्लमेंटच्या बाजूनं लढणारा कर्नल फ्रान्सिस मार्टिन हा इथला रहिवासी. त्यानं आपल्याच बाजूच्या सैनिकांना चर्चमध्ये शिरू दिलं नाही, असं मानतात. तो याच चर्चमध्ये पुरलेला आहे. देवदूतांच्या मूर्ती पूजाव्यात असं त्याला नक्कीच वाटत नसणार. पण त्या आपल्या गावच्या होत्या.

बाप्तिस्म्याच्या कुंडावरचं उंच लाकडी झाकण त्यामुळंच आज पाहायला मिळतं. निमुळत्या शिखरांचे थर एकावर एक चढत जातात आणि टोकाला सेंट मायकेल उभा आहे. एवढं जड झाकण वर ओढता यावं म्हणून दुसऱ्या टोकाला वजन बांधलं आहे, तेही गुलाबाच्या फुलाच्या आकारात कोरलेलं. चर्चबाहेरच्या दफनभूमीत ‘थ्री मेन इन अ बोट’चा लेखक जेरोम के. जेरोम आहे. तो १९२७ मध्ये वारला. त्याच्यासाठी येणाऱ्यांनी आतही यावं.

हे पुस्तक मराठीत का, याचं कारण सरळ आहे. मुंबईच्या वाचकाचा इंग्लिश गॉथिकशी रोजचा संबंध आहे, पण तो एकोणिसाव्या शतकातल्या नकलेशी. कुलाब्याचं अफगाण चर्च किंवा राजाबाई टॉवर ज्या लोकांनी आखले ते मध्ययुगीन पॅरिश चर्चच्या अभ्यासावर वाढले होते. राजाबाई टॉवरचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आला नाही, पण इंग्लंडमधल्या शेकडो जुन्या चर्चच्या डागडुजीत त्याचा हात होता. मुंबईत आलेल्या कमानी आणि शिखरं आपण ओळखतो. त्या मूळ ठिकाणी कोणत्या कामासाठी होत्या, हे मराठीत सविस्तर आलेलं मला हवं होतं.

मांडणीबद्दल दोन शब्द. मी इतिहासकार जॉन गुडॉल यांच्या यूएल्मवरच्या संशोधनाचा ऋणी आहे. आश्रयगृह आणि कबर यांचा एकत्र विचार करायला त्यांच्या कामानं शिकवलं. निष्कर्षांत मी काही ठिकाणी पुढं गेलो आहे, ती जबाबदारी माझी. प्रकरणांचा क्रम काळाचा नाही, चालण्याचा आहे : शाळेपासून वर, आश्रयगृहाच्या चौकातून, पायऱ्या चढून पश्चिम दारानं आत, मग चॅपेल आणि शेवटी वेदी. ती तेरा माणसं घरून निघाल्यावर ज्या वाटेनं जात तिच्यावरून हा क्रम घेतला. नकाशांमध्ये पूर्व उजव्या हाताला धरली आहे. नेव्ह, चान्सेल, चॅपेल हे शब्द तसेच ठेवले आहेत. इमारतीचे इतर भाग, म्हणजे पडवी, तुळई, चर्या, कठडा, आपल्याकडचे गवंडी आणि सुतार ज्या नावानं ओळखतात त्याच नावानं दिले आहेत. ज्यांना फक्त कबरीबद्दल वाचायचं आहे त्यांनी सरळ सहावं प्रकरण उघडायला हरकत नाही, मात्र आश्रयगृहाच्या नियमांचं चौथं प्रकरण आधी वाचावं.